गुरुजींच्या गाडीचा धूर

लातूरला नांदेड रोडवर आमचं गॅरेज आहे. आता सगळा कारभार धाकटा भाऊ बघतो. मी खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालतो, असं तो म्हणतो. खोटं नाही ते. माझ्या तोंडाला हाड नाही हे आई सांगायची, बायको सांगते, निम्मं लातूर सांगतं. तरी गिऱ्हाईक टिकून होतं, कारण जुन्या इंजिनाचं दुखणं मला उभ्या उभ्या कळायचं. मागं सायलेन्सरपाशी जायचं, भावाला म्हणायचं, दे रेस. काळा धूर आला तर इंधन नीट जळत नाही. पांढरा येतच राहिला तर पाणी आत शिरतंय. निळा आला तर गाडी ऑइल खातेय. बॉनेटला हात न लावता निकाल. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती मी धुरावरून करायचो, आणि मला त्याची लई घमेंड होती.

शिकलो मी नांदेडला. तिथल्या उस्तादांच्या हाताखाली सात वर्षं काढली. तेही धूर बघायचे, पण धुरावर विसंबायचे नाहीत. सायलेन्सरपुढं पांढरा कागद धरून त्यावरचे ठिपके बोटानं चोळायचे. प्लग काढून उन्हात फिरवून बघायचे. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचे आणि खालून वाफारा येतो का बघायचे. त्यावरही समाधान नाही झालं तर कॉम्प्रेशनचं गेज लावायचे, मग सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा लावायचे. काटा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्वकडं बघा. चार जागी विचारा मग बोला, असं त्यांचं होतं. मी लातूरला येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि चारातल्या तीन जागा हळूहळू सोडून दिल्या. लागतच नव्हत्या. बघितलं की कळायचं.

गुरुजी जळकोटकडचे. शाळेतून रिटायर झालेले, कपाळाला भस्म, आले की 'शरणार्थ' म्हणायचे आणि मी ग्रीसचे हात तसेच जोडायचो. त्यांची वीस वर्षांची पेट्रोल गाडी होती, पांढरी, शिवराईसारखी जपलेली. मूलबाळ नाही. घरात नवरा-बायको दोघंच, आणि बाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना लातूरला मशीनवर रक्त साफ करायला आणावं लागायचं. जवळपास कुठं नंबर लागत नव्हता. एसटीनं जमण्यासारखं नव्हतं, कारण परत जाताना बाईंना बसवायचं नाही, त्या मागच्या सीटवर आडव्या व्हायच्या. गाडी बंद पडली की त्यांचा वार चुकणार. वार चुकला की अंगात पाणी साठणार, आणि मग श्वास लागणार. हे सगळं गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायलासुद्धा जागा नाही.

तक्रार साधी होती. ऑइल कमी होतंय. दर आठ-दहा दिवसांनी मोजायच्या पट्टीवर ऑइल खुणेच्या खाली जातं, डबा घेऊन ओतावं लागतं. मी सवयीप्रमाणे मागं उभा राहिलो. भावानं रेस दिली. धूर आला, राखाडी. एवढ्या जुन्या गाडीला तेवढा असायचाच. मी म्हणालो, ऑइल जळत नाही गुरुजी, गळतंय कुठंतरी. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, टॅपेट कव्हरपाशी, ओल दिसलीच मला. खालच्या ऑइलच्या चेंबरलाही जरा घाम होता. बाईंना मशीनवर चार तास लागायचे. त्या चार तासांत मी दोन्ही पॅकिंगं बदलली, पुढचं ऑइल सील बदललं, आणि गाडी पुसून उभी केली.

भाऊ मधे एकदा हळूच म्हणाला, प्लग काढून बघू का. मी गुरुजींसमोरच त्याला झापलं. आता तू शिकवणार का मला, म्हणालो. त्यानं मान खाली घातली आणि पाने आवरायला लागला. तो पन्नाशीचा माणूस आहे, सुना आल्यात त्याला. तरी माझ्यापुढं वर मान करत नाही. आमच्या घरची रीतच तशी, आणि त्या रीतीचा मी पुरेपूर फायदा घेतलेला आहे.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. ऑइल तसंच कमी होतंय म्हणाले. आणि डिकीतून त्यांनी पुठ्ठा काढला. आठवडाभर गाडी अंगणात असली की खाली हा पुठ्ठा सारत होते. त्यावर एक डाग नव्हता. मास्तर माणूस, पुरावा घेऊन आला होता. खाली पडत नाही म्हणजे वर जळतंय, एवढं तर आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. मलाही कळायला पाहिजे होतं. पण मी एकदा 'जळत नाही' म्हणून बसलो होतो ना. मग मी त्यांच्यावरच घसरलो. पट्टी बघता येत नाही तुम्हाला, म्हणालो. गाडी उतारावर उभी करता, इंजिन गरम असताना बघता, पट्टी न पुसता बघता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तशी गत माझी होती आणि मी ती त्यांच्या माथी मारली. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं पोरांना फूटपट्टी वाचायला शिकवली त्यांना मी पट्टी कशी वाचायची ते शिकवलं. पुन्हा वर सांगितलं की उठसूट ऑइल ओतू नका, जास्त झालं तर तेही वाईट. पट्टीला हात लावू नका, पुढच्या खेपेला मीच बघीन.

गुरुजी म्हणाले, असंल, माझंच चुकत असंल. पुठ्ठा घडी घालून पुन्हा डिकीत ठेवला त्यांनी.

त्यानंतरच्या खेपेला ते जरा चाचरत बोलले. अहमदपूरला पेट्रोल भरताना मागच्या ट्रकवाल्यानं खाली उतरून सांगितलं होतं, काका, तुमची गाडी निळा धूर टाकून राहिली. हे ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, मग त्या ट्रकवाल्याकडूनच घ्या ना काम करून, इथं कशाला आलात. तरी भावाला रेस द्यायला लावली. या वेळी चांगला लांबवर बघितला धूर. वाकून बघितला, बाजूला होऊन बघितला. राखाडीच होता. देवाशपथ सांगतो, मी खोटं बोललो नाही, मला तो राखाडीच दिसला. वासाचं म्हणाल तर गॅरेजात आम्ही दिवसभर ऑइलमध्येच असतो, तिथं वास कुठला वेगळा येणार. मी गुरुजींना म्हणालो, निळा असता तर मला दिसला नसता का?

ते माफी मागून गेले. माझी माफी. वार होता म्हणून घाईत होते, त्यामुळं पट्टी बघायची राहूनच गेली. मीच बघणार होतो ती. विसरलो.

त्याच्या पुढच्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. चाकूरच्या पुढं गाडी बंद पडली होती. आधी टकटक आवाज आला, मग खडखडाट, मग इंजिन जागीच जाम. गुरुजी फोनवर म्हणाले, "मिस्तरी, ऑइलचा लाल दिवा लागला व्हता. मला दिसला. पण वार चुकंल म्हणून मी थांबलो न्हाई. माझंच चुकलं."

मी आणि भाऊ गॅरेजची जीप घेऊन निघालो. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बाई दगडावर बसल्या होत्या. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, ओठ उघडे टाकून श्वास घेत होत्या. गुरुजी त्यांच्याच पदरानं त्यांना वारा घालत होते. मी नमस्कार केला तर बाईंनी नुसती मान हलवली, बोलायला दम नव्हता. त्यांना आम्ही जीपमध्ये पुढं बसवलं. भावानं अशी गाडी चालवली की मी एरवी त्याला शिव्या घातल्या असत्या. तरी पोचेपर्यंत त्यांची मशीन दुसऱ्या पेशंटला दिलेली. ऑक्सिजन लावला आणि थांबा म्हणाले. दवाखान्यातला कोणी चुकला असं नाही, तिथं प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. चार वाजता त्यांना मशीन मिळाली.

ते तीन-चार तास मी बाहेरच्या बाकड्यावर काढले. मला भीती वाटत होती. बाईंचं काही झालं तर काय, याचीच. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत दुसरीही एक मिसळलेली होती, की हे माझ्यावर येईल का. स्वतःची लाज वाटण्यासारखा विचार आहे, पण आला होता. गुरुजी शेजारी बसून मलाच धीर देत होते. गाडीचं वय झालं होतं मिस्तरी, तुम्ही तरी काय करणार, म्हणाले. मी हूं म्हणालो. बाई वाचल्या. तीन दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन उघडलं. चेंबरमध्ये वाटीभरसुद्धा ऑइल नव्हतं, जे होतं ते डांबरासारखं. बेअरिंगं क्रँकला चिकटून बसलेली. पण मी बघत होतो पिस्टन. चारही पिस्टनची डोकी ओली होती, वर काजळीचा थर. ऑइल रिंगा खाचेत अशा रुतलेल्या की नखानं हलेनात. व्हॉल्वची सीलं दगडासारखी झालेली, बोटानं दाबली तर मोडली. हे आठ-पंधरा दिवसांचं दुखणं नव्हतं. वर्षभर तरी ही गाडी ऑइल जाळत होती, माझ्यासमोर दोन-तीनदा जाळलं होतं. मी पिस्टन हातात धरून म्हणालो, पण धूर तर राखाडी होता.

भाऊ फडक्याला हात पुसत होता. तो म्हणाला, "निळा व्हता, दादा. पयल्या दिवसापासून निळाच व्हता."

मला वाटलं हा आता संधी साधून राहिलाय. हातातला पिस्टन फेकून मारावा असं वाटलं. मग तो बोलायला लागला आणि थांबेना, एवढा तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. म्हणाला, दोन वर्षं झाली, तुम्ही घरी गेलात की मी तुमचं वायरिंग पुन्हा तपासतो. निळी वायर तुम्ही करड्या वायरीला जोडता. कूलंटचे डबे तुम्ही रंगावरून ओळखत नाही, वास घेऊन ओळखता. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, प्लग काढू का म्हणून विचारलं होतं ना. मग म्हणाला, मोठ्या भावाला तुमचे डोळे गेले असं कोणत्या तोंडानं सांगू?

मी त्याच्यावर ओरडलो नाही. ओरडायला काही उरलंच नव्हतं. गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

माझी लेक नांदेडला दिली आहे. तिनं तिकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बराच जुना. मी वाद घातला. मोतीबिंदूत धूसर दिसतं, मला तर बोल्टचे आटे दिसतात, म्हणालो. त्यांनी न रागावता समजावलं की प्रत्येकाचं सारखं नसतं. कोणाचं भिंग नुसतंच पिवळं पडत जातं, इतकं हळू की ज्याचं त्याला कळत नाही, आणि त्यात पहिल्यांदा निळा रंग मरतो. मी म्हणालो, जुन्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी पडते तसं का. त्या म्हणाल्या, तसंच. तेवढं मात्र मला चटकन कळलं.

आधी उजवा डोळा झाला. डावा महिनाभरानं करायचा होता. तो महिना मी कधी विसरणार नाही. लेकीच्या न्हाणीघरात बादली होती, ती मला राखाडी म्हणून माहीत होती. उजव्या डोळ्यानं बघितली तर निळीशार. डाव्यानं बघितली की पुन्हा मातकट. दिवसभर मी तेच करत होतो, एक डोळा झाकायचा, दुसरा उघडायचा, भिंत बघ, आभाळ बघ, नातीचा फ्रॉक बघ. लेक हसायची. लातूरला आलो तेव्हा भावाकडं एक जुनी जीप कामाला आलेली होती, ऑइल खाणारी. मी म्हणालो, दे रेस. डाव्या डोळ्यानं बघितलं, राखाडी धूर. उजव्यानं बघितलं. निळा. असा निळा की आंधळ्यालाही सांगता यावा. मी त्या धुरातच उभा राहून रडलो. भाऊ धावत आला तर खोकला लागलाय म्हणालो. त्यानं पाणी आणून दिलं.

गुरुजींच्या गाडीचं इंजिन तोपर्यंत बनत आलं होतं. सिलेंडर बोअर करून आणले, क्रँक घासून आणली, पिस्टन-रिंगा नव्या, सीलं नवी. तेवढे दिवस दर वारी भाऊ पहाटे उठून जीप घेऊन जळकोटला जायचा, बाईंना आणायचा आणि पोचवून यायचा. मी त्याला सांगितलं नव्हतं. आणि गुरुजींना मी काय सांगितलं? इंजिनाचं वय झालं होतं. त्यांनी ते मानलंच होतं आधी. दवाखान्यात भेटेल त्याला ते सांगायचे, लातूरला जुन्या गाडीसाठी आमचे मिस्तरी गाठा, माणूस खरा आहे. दोन गिऱ्हाइकं आलीसुद्धा त्यांचं नाव सांगत. मी झाकली मूठ तशीच धरून बसलो होतो. भावाला म्हणालो, सांगायला पाहिजे रे त्यांना. तो म्हणाला, तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार. पहिल्यांदाच त्यानं माझं काम नाकारलं.

दुसरा डोळा झाल्यावर गाडी मी स्वतः चालवत जळकोटला नेली. भाऊ मागून जीप घेऊन आला. चाकूर ओलांडेपर्यंत मी तीनदा थांबून पट्टी बघितली. उस्तादांनी बघितलं असतं तर हसले असते. पट्टीवरचं ऑइल जिथल्या तिथं होतं.

गुरुजींचं घर लहान, पुढच्या खोलीत खाट, खाटेवर बाई उशीला टेकून बसलेल्या. त्या दिवशी वार नव्हता, चेहरा जरा उतरलेला पण बऱ्या दिसत होत्या. गुरुजींनी किल्ली घेतली, शरणार्थ म्हणाले, शेजारणीला चहा सांगितला. मी म्हणालो, चहाच्या आधी बोलायचंय. उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. सांगितलं की गाडीचं वय झालं होतं हे अर्धंच खरं. ती पहिल्या दिवसापासून ऑइल जाळत होती आणि धूर निळाच होता. तो मला दिसला नाही, कारण माझे डोळे गेले होते, आणि मी ते मान्य करायच्या ऐवजी तुम्हालाच बोललो. तुमचा पुठ्ठा बरोबर होता. ट्रकवाला बरोबर होता. ऑइल ओतू नका हे मीच सांगितलं होतं. त्या दिवशी बाईंवर जी वेळ आली ती माझ्यामुळं आली.

गुरुजी हातातल्या किल्लीकडं बघत राहिले. मला वाटलं आता बोलतील, आणि खरंच बोलावं असं वाटत होतं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी मोकळा झालो असतो.

बोलल्या त्या बाई. आवाज बारीक, पण एकेक शब्द ऐकू येत होता.

"मी मागंच पडलेली असायची. गाडीनं वेग घेतला की मागच्या काचेतून दर खेपेला दिसायचा मला. निळा निळा. ह्यांना म्हणलं मी, दोनदा म्हणलं."

गुरुजी मान वर न करता म्हणाले, "हाव. मला बी आरशात दिसायचा. हिला मीच गप केलं. म्हणलं, मिस्तरी न्हाई म्हणलेत, आपल्याला काय कळतंय त्यातलं."

चहा आला. मी कपबशी तशीच खाली ठेवली. भाऊ दारात उभा होता, तो बाहेर बघत राहिला. बाईंनी मला खाटेजवळच्या खुर्चीवर बसायला खूण केली. बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, आधी एका डोळ्याकडं, मग दुसऱ्या.

"दोन्ही झाले का?" त्यांनी विचारलं. "आता दिसतंय न्हवं नीट?"

हाव, म्हणालो मी. आता दिसतंय.